चाकपोरीचे छायाचित्र आणि रुग्णसेवेचा धम्म

1904 साली फ्रान्सिस यंगहजबंड यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश-हिंदी सैन्य ल्हासा येथे पोचले. या स्वारीतील अधिकाऱ्यांजवळ बंदुकांप्रमाणे कॅमेरेही होते. त्यांनी टिपलेल्या ल्हासाच्या दृश्यांत पोताला प्रासादाजवळचा एक खडा डोंगर आढळतो. त्याच्या माथ्यावर किल्ल्यासारखी भासणारी इमारत आहे. हा डोंगर म्हणजे चाकपोरी, अर्थात ‘लोहगिरी’. ती इमारत मात्र किल्ला नव्हती. ते तिबेटचे वैद्यकविद्यालय होते. आज ती तेथे नाही. म्हणूनच या छायाचित्रांना पुराव्याचे मोल आले आहे. परंतु पुरावा कसा वाचावा, हेही समजून घेतले पाहिजे.

प्रथम, छायाचित्र कोणी घेतले, हे पाहावे. याच सैन्याने 31 मार्च 1904 रोजी गुरू या गावाजवळ शेकडो तिबेटी लोकांना ठार केले होते. मारणाऱ्या सैन्यात हिंदी शिपाईही होते, हे आपण विसरता कामा नये. स्वारीचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी वॅडेल हे तिबेटी बौद्ध परंपरेचे अभ्यासक होते, आणि त्यांचा सचित्र वृत्तांत 1905 साली प्रसिद्ध झाला. अशा साधनांचा उपयोग आम्ही करतो. पण विजेत्याची दृष्टी स्वीकारणे आम्हांस बंधनकारक नाही.

दुसरे असे की, छायाचित्रात जे दिसत नाही त्याचाही शोध घ्यावा लागतो. हे विद्यालय 1696 साली देसी सांग्ये ग्यात्सो यांनी स्थापन केले. त्यांनी वैद्यकावर ‘नील वैडूर्य’ हा टीकाग्रंथ रचला, आणि त्याचा आशय सांगणारा 79 चित्रपटांचा संच तयार करविला. तिबेटी वैद्यकावर वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’चाही मोठा प्रभाव आहे. त्या भिंतींआड भिक्षू औषधी वनस्पती, नाडी आणि शरीररचना यांचा अभ्यास करीत.

तिबेटी परंपरेतील मंत्रतंत्र आम्हांस मान्य नसेल. तथापि विहार आणि वैद्यक यांचा हा संबंध मूळ विनयाशी जुळणारा आहे. विनयपिटकाच्या महावग्गात ‘भेसज्जक्खन्धक’ हे औषधांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच महावग्गात, आजारी आणि उपेक्षित भिक्षूला भगवंतांनी आनंदासह स्वतः स्नान घातल्याची कथा येते. रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा होय, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. पूज्य बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात भगवंतांच्या रुग्णांविषयीच्या आस्थेला स्थान दिले आहे.

मार्च 1959 मध्ये ल्हासातील उठावाच्या वेळी चिनी तोफांच्या माऱ्यात चाकपोरीचे विद्यालय उद्ध्वस्त झाले. इमारत गेली, पण विद्या पूर्णपणे नष्ट झाली नाही. 1961 साली धरमशाला येथे तिबेटी वैद्यकसंस्था पुन्हा उभी राहिली. 1992 साली दार्जिलिंग येथे चाकपोरीच्याच नावाने विद्यालय सुरू झाले. वैद्यकाच्या चित्रपटांचा एक संच रशियातील बुर्यातियात सुरक्षित राहिला. हे सर्व घडले ते विद्या कंठस्थ करणाऱ्या, हाताने लिहिणाऱ्या आणि शिष्यांना शिकविणाऱ्या माणसांमुळे. ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’ हे खरे. परंतु अनित्यतेचा अर्थ निष्काळजीपणा असा नव्हे. अप्पमाद हाच भगवंतांचा अखेरचा उपदेश होता.

यातून आपल्यासाठी दोन कर्तव्ये निघतात. आपल्या वस्त्यांतील जुनी बुद्धविहारे पाडून नवी बांधली जात आहेत. धम्मदीक्षेनंतरच्या काळातील छायाचित्रे घरोघरी पेट्यांत पडून आहेत. त्यांतील माणसांना ओळखणारे वडीलधारे आहेत तोवर प्रत्येक छायाचित्राच्या मागे स्थळ, वर्ष, व्यक्तींची नावे आणि छायाचित्रकाराचे नाव लिहून घ्यावे. हे काम आपणच केले, तर आपल्या इतिहासासाठी परक्याच्या कॅमेऱ्यावर विसंबावे लागणार नाही. दुसरे कर्तव्य अधिक कठीण आहे. विहाराच्या वास्तूबरोबर तेथील आचारही टिकला पाहिजे. ज्या विहाराच्या परिसरातील रुग्णाची विचारपूस होत नाही, त्याचे उत्तम छायाचित्र जपले तरी भावी पिढीच्या हाती केवळ भिंतींचे चित्र पडेल.