मेंदूच्या दुखापतीनंतर घरातील आवाज असह्य का होतात?

डोक्याला मार लागलेला रुग्ण घरी परततो, जखम भरून येते, चालणे-बोलणे पूर्ववत दिसू लागते आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेक कुटुंबांत नव्या तक्रारींना सुरुवात होते. कुकरची शिट्टी झाली की रुग्ण दचकतो, पाहुणे आले की आतल्या खोलीत निघून जातो, मुलांच्या दंग्यावर एकाएकी खेकसतो. माणूस तुसडा झाला, असा निष्कर्ष घरचे काढतात. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा दुखापतीचाच परिणाम असतो.

निरोगी मेंदू कानावर पडणाऱ्या प्रत्येक आवाजाची दखल घेत नाही. पंख्याची घरघर, रस्त्यावरील वाहने, शेजारचा दूरचित्रवाणी संच हे सारे तो आपोआप मागे सारतो. गर्दीत एकच आवाज निवडून ऐकण्याच्या या क्षमतेविषयीचा अभ्यास ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला होता. मेंदूतील अनेक केंद्रे आणि त्यांना जोडणारे सूक्ष्म तंतू यांच्या समन्वयातून ही निवड होते. अपघाताच्या धक्क्याने हे तंतू ताणले गेले किंवा तुटले, तर ही चाळणी नीट काम करीत नाही. अशी हानी साध्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. त्यामुळे ‘अहवाल तर चांगला आहे’ हे वाक्य रुग्णाला वारंवार ऐकावे लागते.

गप्पांचा ताण याहूनही अधिक असतो. चार जणांच्या संभाषणात शब्द समजून घेणे, चेहऱ्यावरचे भाव टिपणे, विषय बदलल्याचे ओळखणे आणि उत्तर जुळवणे ही कामे एकाच वेळी चालतात. पाहुण्यांसमोर हसून बोललेला रुग्ण दुसऱ्या दिवशी डोकेदुखीने अंथरुणाला खिळतो, ते यामुळेच.

आजाऱ्याची विचारपूस करायला जाणे हे आपल्याकडे कर्तव्य मानले जाते. दाराशी आलेल्याला परत पाठवणे कोणालाच जमत नाही, रुग्णाला तर मुळीच नाही. म्हणून ही जबाबदारी घरातील एका व्यक्तीने उचलावी. एका वेळी एक-दोन माणसे, पंधरा-वीस मिनिटे, दूरचित्रवाणी बंद आणि एका वेळी एकानेच बोलायचे, एवढे पाळले तरी पुष्कळ फरक पडतो. रुग्णाला कारण न सांगता उठून जाता यावे, यासाठी एखादी खूण आधीच ठरवून ठेवावी.

शांत, स्वतंत्र खोलीचा सल्ला पुस्तकांत हमखास आढळतो. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील, तर तो निरुपयोगी ठरतो. अशा घरात जागेऐवजी वेळ राखून ठेवता येते. दुपारचा एक तास सर्वांनी आवाज बंद ठेवावेत. अचानक होणारा आवाज अधिक त्रास देतो, म्हणून मिक्सर लावण्यापूर्वी सांगावे आणि त्याखाली जाड कापड घालावे. मुलांना गप्प बसवण्यापेक्षा कारण समजावून सांगणे अधिक उपयोगी पडते.

मात्र संपूर्ण शांतता हाही उपाय नव्हे. दिवसभर कानात बोळे घातल्यास आवाजाची संवेदनशीलता वाढू शकते, तर माणसे तुटल्याने नैराश्य बळावते. लग्नसमारंभ पूर्ण टाळण्याऐवजी आधी विश्रांती घेऊन अर्धा तास जाऊन यावे आणि कडेची जागा निवडावी. सवयीनुसार हा अवधी वाढवता येतो. श्रवणतज्ज्ञ व व्यवसायोपचार तज्ज्ञ याची आखणी करून देऊ शकतात.

सणासुदीच्या काळात कायद्याचाही आधार आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. ती प्रत्यक्षात किती पाळली जाते, हा वेगळा प्रश्न आहे.

डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, झटके, गुंगी किंवा हातापायांत अशक्तपणा ही लक्षणे मात्र गोंगाटाचा परिणाम समजू नयेत. अशा वेळी रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.