दिव्यांग व्यक्तींसाठी स्थानिक मालमत्ता करातील सवलत व पात्रतेचे निकष : इंग्लंडमधील कौन्सिल टॅक्सच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

कल्याणकारी राज्यात करसवलत हा सामाजिक न्यायाचा एक मार्ग मानला जातो. तथापि सवलत किती द्यावी, यापेक्षा ती कोणाला व कोणत्या आधारावर द्यावी, हा प्रश्न अधिक अवघड असतो. दिव्यांग व्यक्तींच्या बाबतीत आपल्याकडे पात्रतेचा विचार बहुधा प्रमाणपत्रावरील टक्केवारीपासून सुरू होतो. इंग्लंडमधील स्थानिक मालमत्ता कराने, म्हणजेच कौन्सिल टॅक्सने, याहून निराळी वाट स्वीकारली आहे. तेथे पात्रतेची एक कसोटी व्यक्तीच्या शरीराइतकीच तिच्या घराला लावली जाते. प्रस्तुत लेखात ही व्यवस्था समजावून घेण्याचा आणि तिच्यातील गुणदोषांची चर्चा करण्याचा प्रयत्न केला आहे.

कौन्सिल टॅक्सची रचना

१९९२ च्या स्थानिक शासन वित्त कायद्यान्वये कौन्सिल टॅक्स अस्तित्वात आला व १ एप्रिल १९९३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. इंग्लंडमधील प्रत्येक निवासी घर ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ बँडांपैकी, म्हणजे मूल्यगटांपैकी, एका बँडात मोडते. त्यासाठी घराची १ एप्रिल १९९१ रोजीची बाजारातील किंमत आधारभूत धरली जाते. ४० हजार पौंडांपर्यंतचे घर ‘ए’ बँडात, तर ३ लाख २० हजार पौंडांहून अधिक किमतीचे घर ‘एच’ बँडात येते. ‘डी’ बँडाचा कर नऊ भाग मानल्यास ‘ए’ बँडाला सहा, ‘बी’ला सात, ‘सी’ला आठ, ‘ई’ला अकरा, ‘एफ’ला तेरा, ‘जी’ला पंधरा आणि ‘एच’ला अठरा भाग कर भरावा लागतो.

हा कर सामान्यतः घराच्या मालकाकडून नव्हे, तर घरात राहणाऱ्याकडून वसूल होतो. त्यामुळे भाडेकरूही सवलतीसाठी अर्ज करू शकतो. तसेच घरात किमान दोन प्रौढ व्यक्ती राहतात असे गृहीत धरून पूर्ण कर आकारला जातो. पुढे येणाऱ्या दुसऱ्या सवलतीचे मूळ या गृहीतकात आहे.

पहिली सवलत : बँडकपात

दिव्यांग व्यक्तीला अनेकदा अधिक जागा लागते. जिना चढता येत नसेल तर तळमजल्यावर वेगळे स्नानगृह बांधावे लागते. घरीच डायलिसिस करावयाचे असेल तर त्यासाठी खोली राखून ठेवावी लागते. अशा वाढीव जागेमुळे घराची किंमत वाढून ते वरच्या बँडात जाण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या सोयीवाचून जगणे कठीण, तिच्यावरच अधिक कर भरावा लागेल. हा अन्याय टाळण्यासाठी १९९२ च्या नियमांनी बँडकपातीची तरतूद केली. पात्र घराचा कर प्रत्यक्ष बँडाऐवजी त्याच्या खालच्या बँडानुसार आकारला जातो. ‘ए’च्या खाली बँड नसल्याने त्या घरांना आरंभी काहीच लाभ मिळत नसे. २००० पासून त्यांनाही सहाऐवजी पाच भाग कर भरण्याची मुभा मिळाली.

या सवलतीसाठी दोन प्रकारच्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली अट व्यक्तीविषयी आहे. घरात राहणारी व्यक्ती ‘लक्षणीय व कायमस्वरूपी’ अपंगत्व असलेली असावी आणि ते घर तिचे मुख्य निवासस्थान असावे. ही व्यक्ती स्वतः करदाती असण्याची गरज नाही; ती करदात्याचे मूलही असू शकते. दुसरी अट घराविषयी आहे. घरात पुढीलपैकी किमान एक गोष्ट असावी लागते :

१. स्नानगृह, शौचालय व स्वयंपाकघर यांव्यतिरिक्त, मुख्यतः दिव्यांग व्यक्तीच्या गरजांसाठी वापरली जाणारी खोली;
२. तिच्या गरजेसाठी आवश्यक असलेले दुसरे स्नानगृह किंवा दुसरे स्वयंपाकघर;
३. घरात चाकांची खुर्ची वापरता येईल इतकी पुरेशी मोकळी जागा. मात्र खुर्चीची गरज घराच्या आतही असली पाहिजे. केवळ बाहेर जाताना ती लागत असेल तर ही अट पूर्ण होत नाही.

यांपैकी जी सोय असेल ती त्या व्यक्तीच्या अपंगत्वाचे स्वरूप व व्याप्ती पाहता तिच्या स्वास्थ्यासाठी अत्यावश्यक किंवा फार महत्त्वाची असावी, असेही नियम सांगतो. बहुतेक वाद याच शब्दांवर होतात. अंथरुणाला खिळलेली व्यक्ती शयनगृहाचा अखंड वापर करते. पण शयनगृह तर प्रत्येकालाच लागते. म्हणून केवळ खोलीचा वापर दाखवून भागत नाही. त्या खोलीची गरज अपंगत्वामुळेच निर्माण झाली आहे, असा कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो, ही भूमिका न्यायालयीन निर्णयांतून दृढ झाली आहे.

या सवलतीसाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. ती दया म्हणून दिलेली नसून, अपंगत्वामुळे येऊ शकणारा वाढीव करभार दूर करण्यासाठी आहे. त्यामुळे श्रीमंत व गरीब असा भेद तिच्या तर्कात बसत नाही.

दुसरी सवलत : गणनेतून वगळणे

काही प्रौढ व्यक्ती करआकारणीच्या वेळी मोजल्या जात नाहीत. मोजण्याजोगी एकच प्रौढ व्यक्ती उरली तर करात २५ टक्के, आणि घरातील सर्वच व्यक्ती वगळल्या गेल्या तर ५० टक्के सूट मिळते.

गंभीर मानसिक क्षती असलेली व्यक्ती या वर्गात येते. बुद्धी व सामाजिक व्यवहार यांची गंभीर आणि कायमस्वरूपी भासणारी हानी, मग तिचे कारण काहीही असो, अशी कायद्यातील व्याख्या आहे. त्यामुळे जन्मजात बौद्धिक अक्षमतेबरोबरच वार्धक्यातील स्मृतिभ्रंशही तिच्या कक्षेत येऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि ठरावीक शासकीय भत्त्यांपैकी एखाद्याची पात्रता, अशा दोन्ही गोष्टी लागतात. केवळ रोगाचे निदान पुरेसे नसते. अशी व्यक्ती एकटीच राहत असेल तर ते घर करातून पूर्णपणे मुक्त होते.

आठवड्यातून किमान ३५ तास शुश्रूषा करणारी व्यक्तीही काही अटींवर वगळली जाते. ती रुग्णाच्याच घरात राहणारी असावी आणि रुग्णाला ठरावीक भत्ता मिळण्याचा हक्क असावा. मात्र पती किंवा पत्नीची, सहचराची अथवा १८ वर्षांखालील अपत्याची शुश्रूषा करणाऱ्याला हा लाभ नाही. याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. स्मृतिभ्रंश झालेली आई आणि तिची अहोरात्र सेवा करणारी मुलगी अशा दोघीच घरात असतील तर दोघीही वगळल्या जाऊन ५० टक्के सूट मिळू शकते. त्याच अवस्थेतील पत्नीची सेवा वृद्ध पती करीत असेल तर केवळ पत्नी वगळली जाते आणि सूट २५ टक्क्यांवर थांबते. सेवा तीच, कष्ट तेच. नात्यामुळे मात्र पात्रता बदलते.

याखेरीज अल्प उत्पन्न गटासाठी कर कमी करण्याची स्वतंत्र योजना आहे. एप्रिल २०१३ पासून कार्यक्षम वयोगटासाठी ती प्रत्येक स्थानिक परिषद स्वतः आखते, तर निवृत्तिवेतनाचे वय गाठलेल्यांसाठी नियम केंद्रीय पातळीवर ठरतात. वरील सवलती व ही योजना एकाच वेळी लागू होऊ शकतात. बँडकपात मिळाली म्हणून दुसरे दार बंद होते, ही समजूत चुकीची आहे.

अर्ज व दाद

ही सवलत घराची नोंद पाहून आपोआप मिळत नाही. करदात्याने परिषदेकडे अर्ज करावा लागतो. अर्ज नाकारला गेल्यास प्रथम परिषदेकडेच लेखी हरकत घ्यावी लागते. परिषदेने ती फेटाळल्यास किंवा दोन महिन्यांत उत्तर न दिल्यास मूल्यांकन न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. संपूर्ण इंग्लंडसाठीचे हे न्यायाधिकरण २००९ पासून कार्यरत असून तेथे अपिलासाठी शुल्क नाही. तरीही ज्याला नियमच ठाऊक नाही तो अर्ज करीत नाही आणि अपीलही करीत नाही. गंभीर मानसिक क्षती असलेल्या व्यक्तीसंबंधी तर हक्काची जाणीव ठेवण्याचा भार जवळच्या माणसांवरच पडतो.

गुणदोषांची चर्चा

या व्यवस्थेचा मोठा गुण असा की, अपंगत्व म्हणजे केवळ शरीरातील उणीव नव्हे, तर शरीर आणि परिसर यांच्यातील विसंगती होय, हा विचार तिने करआकारणीसारख्या रुक्ष क्षेत्रात आणला. तथापि तिच्यात दोन उणिवा जाणवतात.

पहिली उणीव लाभाच्या प्रमाणासंबंधी आहे. ‘डी’ बँडाचा वार्षिक कर १,८०० पौंड आहे असे उदाहरणादाखल मानू. ‘ए’ बँडातील करदात्याचे १,२०० ऐवजी १,००० पौंड होतील, म्हणजे २०० पौंड वाचतील. ‘एच’ बँडातील करदात्याचे ३,६०० ऐवजी ३,००० पौंड होऊन ६०० पौंड वाचतील. दोघांच्याही बाबतीत कपात एकषष्ठांशच आहे; परंतु हाती पडणारी रक्कम मोठ्या घराला तिप्पट मिळते.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. ज्याला वेगळी खोली हवी आहे, पण एकाच खोलीच्या घरात राहावे लागते, तो बँडकपातीला अपात्र ठरतो. ज्याने दुसरे स्नानगृह बांधले त्याला सवलत आणि ज्याला ते बांधणे परवडले नाही त्याला काहीच नाही, असा हा प्रकार आहे. गरज मोजण्याचा उद्देश असलेली कसोटी प्रत्यक्षात भागलेली गरज मोजते.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली असून अनेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. टक्केवारीची कसोटी सोपी असते, तिच्यात वादाला कमी वाव असतो आणि घराच्या आकारावर ती अवलंबून नसते. परंतु ५० टक्के अपंगत्व असलेली व्यक्ती तळमजल्यावर राहते की उद्वाहनाविना तिसऱ्या मजल्यावर, हे त्या आकड्यात दिसत नाही. इंग्लंडची कसोटी हे पाहू शकते. पण तिच्या नजरेतून गरिबाची अडचण निसटते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मालमत्ता करातील सवलतीचा पाया व्यक्तीवरील उपकार हा नसून तिच्यावर येणाऱ्या वाढीव भाराची भरपाई हा असावा. ही भरपाई ठरविताना व्यक्तीचे अपंगत्व, तिचे घर आणि तिची शुश्रूषा करणारी माणसे या तिन्हींचा विचार झाला पाहिजे. इंग्लंडच्या नियमांनी हे तीन घटक ओळखले. परंतु ते वेगवेगळ्या अर्जांत विखुरले गेले. आपल्या नगरपालिका व महानगरपालिकांनी यापुढे असे निकष ठरविताना प्रमाणपत्राची टक्केवारी पाहावी. मात्र त्याबरोबरच अर्जदार कोणत्या घरात आणि कोणाच्या आधाराने राहतो, हाही प्रश्न विचारावा. असे झाले तरच सवलत खऱ्या गरजवंताच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचेल.