पाचवी ते आठवी : उपनगरी शाळांचे एक वर्ष

मुंबईच्या उपनगरांतल्या मराठी हायस्कुलांत १९५० ते १९७५ या काळात पाचवी ते आठवीचे वर्ग म्हणजे शाळेचा सर्वांत गजबजलेला आणि सर्वांत मोकळा भाग होता. शालान्त परीक्षा तेव्हा अकरावीला असे. दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. पाचवीत नाव घातलेल्या मुलापासून बोर्ड सहा वर्षे दूर असायचे. मुख्याध्यापकांची काळजी आणि जादा तास वरच्या वर्गांकडे जात. कवायत, संमेलन, सहल, चित्रकलेच्या नि हिंदीच्या परीक्षा हे बाकीचे सगळे खालच्या वर्गांच्या वाट्याला येई.

या शाळा बहुतेक वस्तीच्या मागून आल्या. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चे, टिळकांच्या निधनानंतर वर्षभराच्या आत पार्लेकरांनी काढलेले, पु. ल. देशपांडे तिथलेच विद्यार्थी. पण असे जुने नाव क्वचितच. महापालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरापलीकडे सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत पोचली. गिरगाव-दादरच्या चाळींत न मावणारी कुटुंबे बोरिवली, गोरेगाव, भांडुपकडे आली. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे टागोरनगर नि कन्नमवारनगर अशा गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या, आग्रा रोडच्या कडेने कारखान्यांची रांग लागली. मागोमाग कोणी निवृत्त मास्तर, कोणी वकील, कोणी सोसायटीचे चिटणीस असे चार लोक जमून शिक्षण मंडळ काढत. शाळा भाड्याच्या दोन खोल्यांत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये सुरू होई, आणि इमारत निधीची पावतीपुस्तके मुलांच्याच हाती दिली जात. शाळेच्या अनेक भिंती या पावत्यांवर उभ्या राहिल्या, हे स्मरणिकांत फारसे येत नाही.

मुले जास्त आणि खोल्या कमी, म्हणून शाळा दोन पाळ्यांत भरे. सहसा मोठे वर्ग सकाळी आणि पाचवी-सहावी-सातवी दुपारी. लहान मुलांच्या दिवसाची घडीच त्यामुळे वेगळी पडली. सकाळी घरचा अभ्यास, रेशनच्या रांगेत नंबर लावणे, नळाचे पाणी भरणे. मग भात-आमटी जेवून साडेबाराच्या सुमारास शाळा. दुपारची पाळी सुटेपर्यंत पावसाळ्यात अंधारून येई आणि वर्गातला एखादा पिवळा दिवा फळ्यापर्यंत पोचत नसे. पाळी बदलताना शाळेच्या गल्लीत बाहेर पडणारा आणि आत शिरणारा असे दोन लोंढे समोरासमोर येत. बोरे, चिंचा, आवळे, बर्फाचा गोळा विकणारे हातगाडीवाले नेमकी ती अर्ध्या तासाची वेळ साधत.

वर्ष सुरू होई जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाबरोबर. पुस्तके बहुधा वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत घेतलेली, खाकी कागदाचे कव्हर घातलेली. १९६७ मध्ये ‘बालभारती’ स्थापन झाल्यावर प्राथमिक इयत्तांची पुस्तके राज्यभर एकसारखी होऊ लागली. त्याआधी वेगवेगळ्या प्रकाशकांची मंजूर पुस्तके चालत, आणि शाळा बदलली की वाचनमालाही बदले. पाचवीत पेन्सिल सुटून शाईचे पेन हाती येई. तो मोठा मान होता, जरी पहिल्या पावसात दप्तर भिजून निबंधाची वही निळी होई. खाकी अर्धी चड्डी आणि पांढरा शर्ट, मुलींना निळा स्कर्ट किंवा पिनाफोर आणि दोन वेण्यांना रिबिनी हा गणवेश थोड्याफार फरकाने सगळीकडे होता.

जूनमधला आणखी एक कागद म्हणजे ईबीसीचा, आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाच्या सवलतीचा, फॉर्म. वर्षाला १,२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ करण्याची ही सवलत यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आली. फॉर्मबरोबर वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला लागे. वर्गशिक्षक फॉर्म वाटताना नावे मोठ्याने वाचत, आणि कोणाच्या घरी काय येते हे सगळ्या वर्गाला कळे. फारसे कोणी लपवत नसे. अर्धा वर्ग त्याच यादीत असायचा.

विषयांत सर्वांत जास्त हेलकावे इंग्रजीने खाल्ले. स्वातंत्र्यापूर्वी पाचवीलाच ‘पहिली इंग्रजी’ म्हणत. खेर मंत्रिमंडळाच्या धोरणाने मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे गेले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर ते पुन्हा पाचवीत आले. परिणामी एकाच घरातला थोरला भाऊ आठवीत एबीसीडी गिरवलेला आणि धाकटी बहीण पाचवीतच स्पेलिंगे पाठ करणारी, असे घडले. हिंदी मात्र पाचवीपासून असे. आठवीत संस्कृत घ्यायचे की नाही आणि बीजगणित-भूमिती की नुसते अंकगणित, हे ठरवावे लागे. तेरा वर्षांच्या मुलाचा हा निर्णय प्रत्यक्षात वर्गशिक्षक घेत, आणि बऱ्याच मुलींना अंकगणिताकडे वळवत. त्या एका सहीने पुढची विज्ञान शाखा बंद होई. दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाने हा भेद मोडला, ते बरे झाले.

पहिले सत्र सणांचे. पाऊस फार झाला, कुर्ला-शीवच्या मध्ये रुळांवर पाणी आले, की लांबून येणारे शिक्षक पोचत नसत आणि शाळा लवकर सुटे. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीची भाषणे, १५ ऑगस्टला पहाटे प्रभातफेरी आणि लेझीम. गणपतीत कोकणातली मुले गावाला गेल्याने वर्ग निम्मा होई. मास्तर त्या दिवसांत नवा धडा काढत नसत. नवरात्रात मुलींचा भोंडला मधल्या सुट्टीनंतरच्या तासांत रंगे आणि खिरापत ओळखण्यात शिक्षिकाही सामील होत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा होई.

याच सत्रात सप्टेंबरच्या शेवटी शासकीय चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा येई. आठवीतली मुले दोन-तीन महिने आधीपासून शाळा सुटल्यावर थांबत. स्टुलावर एक तांब्या, दोन वांगी आणि मागे चुरगळलेले फडके मांडलेले. भोवती गोल करून बसलेल्या मुलांपैकी प्रत्येकाला तांब्याची वेगळी बाजू दिसे. चित्रकलेचे सर पाठीमागून येऊन सावली कुठल्या बाजूला पडते एवढेच विचारत आणि पुढे जात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन अशा पेपरांसाठी मुले ड्रॉइंग बोर्ड आणि पाण्याची वाटी घेऊन बसने दुसऱ्या शाळेतल्या केंद्रावर जात. आईवडिलांशिवाय स्टेशनापलीकडे जाण्याची अनेकांची ती पहिली वेळ.

हिंदीच्याही बाहेरच्या परीक्षा असत. पुण्याची महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा आणि मुंबई हिंदी विद्यापीठ यांची प्रमाणपत्रे घरोघरी ट्रंकेत जपलेली असत. सातवीला शिष्यवृत्तीची परीक्षा होती. तिच्यासाठी निवडक मुलांना वेगळे बसवत, आणि तो वर्गातला खरा भेदभाव होता. घरी ‘चांदोबा’ आणि १९७१ पासून ‘किशोर’ वाचला जाई, बहुतेकदा शेजाऱ्यांकडून मागून.

दिवाळीच्या सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन हा नेम. तो शेवटच्या दोन दिवसांत उरकला जाई, कारण आधीचे दिवस किल्ला बांधण्यात गेलेले असत.

दुसरे सत्र क्रीडास्पर्धा, संमेलन आणि सहलीचे. सहलीला लांब जायचे कारण नव्हते. बोरिवलीचे कृष्णगिरी उपवन आणि कान्हेरीची लेणी, आरे कॉलनीतले छोटा काश्मीर, पवई आणि विहार तलाव हे सारे उपनगरांच्याच कुशीत होते. मोठी सहल म्हणजे राणीची बाग आणि तारापोरवाला मत्स्यालय. वर्गणी दोन-तीन रुपये आणि डब्यात पुरी-बटाट्याची भाजी. संमेलन मैदानात मांडवाखाली होई. नाटुकल्यात मुलगेच स्त्री-भूमिका करत, तर मुलींचा कोळीनृत्याचा कार्यक्रम जवळजवळ अटळ. १९७१ च्या डिसेंबरात युद्धामुळे मुंबईत ब्लॅकआउट झाला, तेव्हा दिव्यांच्या रोषणाईत संमेलन भरवण्याचा प्रश्नच उरला नाही. खिडक्यांना काळे कागद चिकटवण्याचे काम मात्र मुलांनी हौसेने केले.

फेब्रुवारीनंतर शाळेचा नूर बदले. अकरावीच्या बोर्डाचे केंद्र असले की खालच्या वर्गांना सुट्टी, नाहीतर तास वऱ्हांड्यात. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, महिन्याअखेरीस निकाल. प्रगतिपुस्तकात नापासाचे गुण लाल शाईने लिहीत. एखाद-दोन विषय गेले तर ‘वर घातला’ असा शेरा मिळे, जास्त गेले तर पुन्हा तोच वर्ग. निकालानंतर कोकणातली मुले भाऊच्या धक्क्यावरून बोटीने नाहीतर एसटीने गावी जात.

पालिकेच्या शाळांत निकालाचा अर्थ निराळा होता. तिथे वर्ग सातवीपर्यंतच असत आणि पालिकेच्या माध्यमिक शाळा फारच थोड्या. सातवी झालेल्या मुलाने दाखला घेऊन खाजगी हायस्कुलात आठवीला जागा शोधायची. जवळच्या शाळेत तुकडी भरली असेल तर पुढच्या स्टेशनाची शाळा, म्हणजे विद्यार्थी सवलतीचा पास आणि रोजची लोकल. ज्या घरात हे जमले नाही, तिथल्या मुलींचे शिक्षण बहुधा सातवीत थांबे. मुलगे घरच्या धंद्याला हातभार लावत किंवा भांडुप-मुलुंडच्या वर्कशॉपांत हेल्पर म्हणून लागत. त्यांतले काही पुढे दादर-परळच्या रात्रशाळांत आठवीला बसले.