परवलीचा शब्द आणि दस्तक

रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपायाने हटकावे आणि येणाऱ्याने ठरलेला शब्द उच्चारताच वाट मोकळी व्हावी, ही परवलीच्या शब्दाची मूळ कल्पना होय. शब्द बरोबर आहे एवढेच पहारेकऱ्यास कळते. उच्चारणारा मनुष्य कोण, हे कळत नाही. जो शब्द जाणतो तो आपला, असा हा न्याय आहे. छावणीत एका रात्रीपुरता तो चालून जातो. परंतु शाळेच्या कचेरीत तोच न्याय वर्षानुवर्षे चालू राहिला म्हणजे काय होते, ह्याचा अनुभव प्रस्तुत लेखकास आला, आणि त्या निमित्ताने एक सर्वस्वी अनोळखी विषय समजून घ्यावा लागला. इंग्रजीत त्यास ‘सिंगल साइन-ऑन’ म्हणतात. ह्या लेखापुरता मी ‘एकमुद्रा-प्रवेश’ असा शब्द योजतो. ह्याहून सुटसुटीत शब्द कोणी सुचविल्यास तो आनंदाने स्वीकारीन.

आमची संस्था संकेश्वरची. शाळा मराठी माध्यमाची आणि कन्नड माध्यमाचीही. फीची वही, पगारपत्रक, ग्रंथालयाची नोंद आणि गुणपत्रके ही चारही कामे गेल्या काही वर्षांत आम्ही भाड्याने घेतलेल्या चार संगणक-सेवांकडे सोपविली. ह्या सेवा ‘क्लाउड’वर, म्हणजे मेघांत, असतात असे सांगतात. मेघ हा शब्द कवीला शोभणारा असला तरी प्रत्यक्षात ही यंत्रे मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील भक्कम इमारतींत, अखंड विजेच्या पुरवठ्यावर चालत असतात. प्रत्येक सेवेचे दार वेगळे आणि प्रत्येक दाराचा परवलीचा शब्दही वेगळा. चार शब्द कोण ध्यानात ठेवणार? कचेरीतील मेजाच्या काचेखाली एक चिठ्ठी आली, आणि ती सर्वांची झाली.

पुढे आमचे एक वृद्ध कारकून सेवानिवृत्त झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी फी-सवलतीच्या वहीत एक नोंद आढळली, ती त्यांच्या नावाने केलेली! त्या दिवशी ते आपल्या मुलीकडे परगावी होते. पैशाचा अपहार झालेला नव्हता, सवलतही योग्य विद्यार्थ्यासच मिळाली होती. पण नोंद कोणी केली? कागदाच्या वहीत हस्ताक्षर बोलले असते. येथे मात्र चाळीस वर्षे सचोटीने नोकरी केलेल्या मनुष्यावर काही दिवस तरी संशयाची छाया पडली, आणि ती पुसण्याचे साधन आमच्यापाशी नव्हते.

ही अडचण आजची नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांनी एकाच यंत्रावर अनेकांना काम करू देणारी व्यवस्था सिद्ध केली. तीत प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून परवलीचे शब्द आले. दुसऱ्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधकाने यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या शब्दांची यादीच छापून घेतली! जेथे जेथे शब्दांची यादी साठते तेथे तेथे ती चोरीस जाण्याचा संभव असतो. चार सेवा म्हणजे अशा चार याद्या.

ह्यावरील उपाय समजून घेताना मला पेशवाईतील दस्तकाची आठवण झाली. जकातीच्या चौकीवरील माणूस प्रत्येक बेपाऱ्यास ओळखीत नसे, आणि ओळखण्याची गरजही नसे. व्यापाऱ्यापाशी सरकारचे दस्तक असे. त्यात माल कोणाचा, किती, कोठून कोठे चालला हे लिहिलेले असे, आणि त्यावर शिक्का असे. चौकीदार फक्त शिक्का ओळखी. मनुष्याची पारख एका ठिकाणी, दस्तक देणाऱ्या कचेरीत, होऊन गेलेली असे. एकमुद्रा-प्रवेशाचे सारे मर्म एवढ्यात आले. सेवेचे दार आपला परवलीचा शब्द विचारीतच नाही. ते आपणांस संस्थेच्या ओळख-दप्तराकडे पाठविते. तेथे आपली पारख होते, दप्तर आपल्या हाती एक साक्षपत्र देते आणि आपण ते घेऊन पुन्हा दाराशी येतो. हे येणे-जाणे पडद्यावर क्षणार्धात घडते, म्हणून ते ध्यानात येत नाही. परवलीचा शब्द दप्तराबाहेर कधीच जात नाही.

साक्षपत्र कोणी दिले, कोणाविषयी दिले, कोणत्या दारासाठी दिले आणि ते किती वेळ चालेल, इतक्या गोष्टी त्यात असतात. फीच्या वहीसाठी दिलेले पत्र पगारपत्रकाच्या दारी चालत नाही. त्याची मुदत सहसा काही मिनिटांचीच असते. त्यामुळे दोन्हीकडची घड्याळे जुळलेली असावी लागतात. जुन्या पत्रांत मजकूर संपताच मोर्तब उठवीत, ते पुढे कोणी ओळ वाढवू नये म्हणून. येथील अंकीय स्वाक्षरी तेच काम अधिक कडकपणे करते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही. अशा स्वाक्षऱ्यांस आपल्या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने मान्यता दिली. साक्षपत्राच्या लेखनाचा ‘सॅमल’ नावाचा जो नमुना आज पुष्कळ ठिकाणी चालतो, त्याची दुसरी आवृत्ती २००५ सालची आहे.

महाविद्यालयीन अध्यापक असलेल्या वाचकांनी ही रीत नकळत वापरलेली असण्याचा संभव आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने विद्यापीठांसाठी ‘इन्फेड’ नावाचा असा संघ उभारला आहे. परदेशी प्रकाशकाचे नियतकालिक उघडताना आपण यादीतून आपली संस्था निवडतो, तिच्या पानावर आपली ओळख पटवितो, आणि प्रकाशक आपल्याला लेख वाचू देतो. नागरिकांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली ‘मेरी पहचान’ ही व्यवस्था आणली. डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय ह्यांपैकी एका ओळखीने अनेक सरकारी दारे उघडावीत, हा तिचा हेतू.

इन्फेडच्या मुळाशी जी आज्ञावली आहे तिचे नाव ‘शिबोलेथ’. ह्या नावाची कथा भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. बायबलच्या जुन्या करारात, यार्देन नदीच्या उतारावर पळून जाणाऱ्या शत्रूस ओळखण्यासाठी त्याला ‘शिबोलेथ’ म्हणावयास सांगत. ज्याच्या तोंडून ‘श’ऐवजी ‘स’ निघे, त्याचा वध होई. मनुष्य कोणाचा, हे त्याच्या जिभेवरून ठरविण्याची ही रीत आम्हां सीमाभागातील लोकांस अगदीच अपरिचित नाही. सुदैवाने येथे तिची झळ बाजारातील थट्टेपलीकडे सहसा जात नाही.

आता आमच्या उभारणीविषयी. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सुटीत येऊन हे काम केले. प्रत्यक्ष जोडणीस एक दुपार पुरली. आमच्या ओळख-दप्तराचा पत्ता आणि त्याच्या मुद्रेचा ठसा फीच्या सेवेस द्यावयाचा, आणि साक्षपत्र कोठे पोचते करावयाचे तो त्या सेवेचा पत्ता आमच्या दप्तरी नोंदवावयाचा, एवढाच हा व्यवहार. खुद्द मुद्रा दप्तरातच राहते; ठसा तेवढा बाहेर जातो. पहिले आठ दिवस दोघाच शिक्षकांवर प्रयोग केला.

दुपारच्या ह्या कामाआधी तीन आठवडे गेले, ते नावांत. एकाच घराण्याचे आडनाव मराठी कागदात चौगुले, कन्नड कागदात चौगला, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या मर्जीनुसार. कोणी वडिलांचे नाव मध्ये लिहितो, कोणी गावाचे आद्याक्षर आधी लावतो. संगणकास ह्या सर्व भिन्न व्यक्ती! आम्ही आरंभी साक्षपत्रात खूण म्हणून प्रत्येकाचा ई-पत्ता घातला होता, आणि हे पत्ते नावांवरून केलेले होते. प्रयोगातील एका शिक्षिकेचे नाव विवाहानंतर बदलले होते. तिचा पत्ताही नवा झाला होता. तिने गुणपत्रकाचे दार उघडले तो आत काहीच नाही. पाच वर्षांचे गुण, शेरे, सारे नाहीसे. बाई रडकुंडीस आल्या. सेवेने त्यांना नवीन मनुष्य समजून कोरे खाते उघडून दिले होते. जुने खाते जुन्या पत्त्याखाली सुरक्षित होते. त्या दिवसापासून खूण म्हणून सेवापुस्तकातील कर्मचारी क्रमांक ठरविला. नाव बदलते, लिपी बदलते, बेळगावचे अधिकृत नाव २०१४ साली बेळगावी झाले. क्रमांक मात्र तोच राहतो, आणि मनुष्य गेल्यावर तो दुसऱ्या कोणास द्यावयाचा नाही, असा आम्ही नियम केला. मनुष्यास क्रमांकाने ओळखणे मला रुचत नाही. पण येथे तो क्रमांकच त्या बाईंची पाच वर्षे सांभाळतो.

एक मुद्रा हरवली तर सारी दारे उघडी, हा आक्षेप आमच्या व्यवस्थापक मंडळात निघाला, आणि तो खरा आहे. म्हणून ओळख-दप्तराच्या दाराशी परवलीच्या शब्दाखेरीज भ्रमणध्वनीवरील क्षणोक्षणी पालटणारा अंकही मागितला जातो. त्याच्या उलट बाजूस, कोणी सेवानिवृत्त झाला की दप्तरातील एकच नोंद बंद करावी लागते, आणि चारही दारे त्याला नव्याने उघडत नाहीत. पूर्वी उघडलेले दार मात्र काही काळ तसेच राहू शकते, म्हणून त्या त्या सेवेतील खातेही स्वतंत्रपणे बंद करतो. शिक्षकखोलीतील सामाईक संगणकावर हाच धोका रोजचा आहे. फीची वही मिटली तरी दप्तरातील ओळख जागी असते, आणि पुढे बसणाऱ्यास दुसऱ्याचे पगारपत्रक उघडता येते. तेव्हा उठताना दप्तरातूनही बाहेर पडावे, अशी सूचना दोन्ही भाषांत लावली आहे.

ओळख-दप्तरच बंद पडले तर आत जाण्यासाठी प्रत्येक सेवेत एक जुन्या रीतीचे खाते राखले आहे. त्याचा शब्द लाखेने बंद केलेल्या पाकिटात, संस्थेच्या तिजोरीत असतो, आणि पाकीट फोडल्यास कारण नोंदवहीत लिहावे लागते. काचेखालची चिठ्ठी मी स्वतः फाडली. राहता राहिला मुद्रेचा ठसा. त्यालाही मुदत असते आणि ती संपली की एके सकाळी कोणासच कोणतेही दार उघडत नाही. आमच्या ठशाची मुदत तीन वर्षांची आहे. ती तारीख, आणि तिच्या एक महिना आधीची तारीख, कचेरीतील फळ्यावर तैलरंगाने लिहून घेतली आहे.