वीतभर अंतरावरचे जग

नवजात बाळाला सर्वांत स्पष्ट दिसते ते साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचे, म्हणजे वीत-सव्वा वीत अंतरावरचे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे डोळे आणि आईचा चेहरा यांत जवळपास एवढेच अंतर असते. त्यापलीकडचे सारे धूसर. पाळण्यावर उंच टांगलेले फिकट रंगाचे खेळणे पहिल्या महिन्यात करमणूक करते ती घरच्यांची. बाळाला ठळक कडा, काळ्या-पांढऱ्याचा विरोध आणि सर्वांत जास्त माणसाचा चेहरा खिळवून ठेवतो.

कान त्याहून पुढे असतात, कारण गर्भातल्या शेवटच्या महिन्यांत ते ऐकू लागलेले असतात. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अवघ्या दोन-तीन दिवसांची बाळे चोखण्याची लय बदलून परक्या बाईऐवजी आपल्या आईचा आवाज ‘लावून’ घेत होती. मोठी माणसे बाळाशी आवाज चढवून, शब्द लांबवत, तेच तेच बोलतात. ऐकणाऱ्याला हा लाडिकपणा वाटतो, पण बाळ अशाच बोलण्याकडे अधिक लक्ष देते.

साधारण दीड-दोन महिन्यांत चेहरा पाहून हसू उमटते आणि पाठोपाठ हुंकार सुरू होतो. इथे बोलण्याइतकेच थांबणे महत्त्वाचे. बाळाने आवाज काढला की उत्तर द्यायचे आणि मग गप्प राहून त्याची पाळी येऊ द्यायची. आंघोळ, लंगोट बदलणे, दूध पाजणे ही रोजची कामेच यासाठी पुरतात, वेगळा ‘तास’ लागत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना बाळासमोर काही मिनिटे निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितले. बाळे आधी हसून आईला खुणावत, प्रतिसाद मिळेना तेव्हा तोंड फिरवून कोमेजून जात. बाळंतपणानंतर आईला नैराश्य आले तर त्यावरचे उपचार हीदेखील बाळाच्या विकासाचीच काळजी ठरते, ती याचमुळे. उलट बाळानेच मान वळवली, जांभई दिली, तर ते थकले आहे असे समजून खेळ थांबवावा. पुढ्यात मोबाइल धरण्याने यातले काहीच साधत नाही, कारण पडदा बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही.

शरीराच्या बाबतीत नियम सोपा: झोप पाठीवर, खेळ पोटावर. उताणे झोपवल्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो. जागेपणी मात्र पालथे ठेवल्याने मान, खांदे आणि पाठ बळकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये यासाठी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास सुचवला. सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटे आणि तेही वडिलांच्या छातीवर चालते. कोणीतरी मोठे माणूस समोर हवेच.

हलक्या हाताचे मालिश बाळाला सुखावते. पण नाक ओढणे, छाती पिळणे, नाका-कानात तेल सोडणे या प्रथांचा उपयोग नाही, अपाय मात्र होतो. काही काजळांत शिसे आढळले आहे. बाळाच्या वाढत्या मेंदूला ते घातक असल्याने काजळ टाळलेलेच बरे.

बहुतेक बाळे तीन-चार महिन्यांत मान धरतात आणि चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान कुशीवर वळून पालथी पडतात. शेजारच्या बाळाशी तुलना निरर्थक आहे. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे वय चार महिने झाले, तरी त्याच्याकडून अपेक्षा दोन महिन्यांच्या बाळाचीच ठेवायची. पण तीन महिने उलटूनही बाळ हसत नसेल, मोठ्या आवाजाला दचकत नसेल, चेहऱ्यामागे नजर फिरवत नसेल, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा’ म्हणून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ऐकण्याची प्राथमिक तपासणी तर बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होते आणि ती पहिल्या महिन्यातच करून घेता येते.