भेटू या... पण कुठल्या ग्रहावर?

१२ ऑगस्ट २०१६. वार शुक्रवार. त्याला जोडून शनिवार, रविवार आणि सोमवारी पंधरा ऑगस्ट. असा सलग वीकेंड वर्षातून किती वेळा येतो? आमचा कॉलेजचा अख्खा ग्रुप भर पावसात लोणावळ्याला निघाला होता. मी मात्र 'घसा धरलाय' अशी थाप मारून पुण्यात घरीच थांबले. खरं कारण सांगितलं असतं तर सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं. त्या रात्री एक कॉम्प्युटर गेम लॉन्च होणार होता आणि मला त्यात माझ्या मावसभावाला भेटायचं होतं.

हसू नका! आवडत्या हिरोच्या फर्स्ट डे, फर्स्ट शोसाठी बॉसला 'डेंटिस्टकडे जायचंय' सांगणारे तुमच्यातही आहेत. माझा पिक्चर जरा मोठा होता, एवढंच. अख्ख्या विश्वाएवढा. त्याचं नाव 'नो मॅन्स स्काय'.

सुरुवात झाली डिसेंबर २०१३ मध्ये. मी अकरावीत, दादा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मावशीकडे कोथरूडला गेले होते, तर हा लॅपटॉप घेऊन धावत आला. "ए, हे बघ. आत्ताच्या आत्ता बघ." अमेरिकेतल्या एका अवॉर्ड शोमध्ये दाखवलेला ट्रेलर होता तो. कोणीतरी पाण्याखाली पोहतंय, आजूबाजूला विचित्र मासे. मग तो वर येतो, किनाऱ्यावरून चालत आपल्या यानात बसतो आणि उडतो. ढग मागे पडतात, आकाश काळं होतं, आपण अंतराळात. मध्ये कुठं 'लोडिंग'ची पाटी नाही, काही नाही. आम्ही तो ट्रेलर त्या रात्री किमान दहा वेळा बघितला.

आम्हा दोघांना तो इतका का लागला, ते सांगायला सांगलीला जावं लागेल. आजोळी दर मे महिन्यात आम्ही गच्चीवर सतरंज्या टाकून झोपायचो. दादानं नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' वाचलं होतं, त्यामुळे त्याला सगळं कळतं असा त्याचा समज होता (आणि माझाही). "त्या ताऱ्यापाशी पण कोणीतरी गच्चीवर पडून आपल्याकडे बघत असेल बघ," असं तो म्हणायचा. मी घाबरून चादर डोक्यावरून घ्यायचे.

हा गेम बनवत होती 'हॅलो गेम्स' नावाची कंपनी. इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड गावातली आणि ट्रेलर आला तेव्हा त्या गेमवर किती माणसं काम करत होती? चार! तोवर त्यांचं नाव होतं ते 'जो डेंजर' या मोटरसायकल स्टंटच्या गेमसाठी. म्हणजे काल-परवापर्यंत झकास वडापाव विकणाऱ्या माणसानं आता फाइव्ह स्टार हॉटेल काढतोय म्हणावं, तसं. त्यात ट्रेलरनंतर अडीच आठवड्यांनी, २४ डिसेंबरला, त्यांच्या ऑफिसात पुराचं पाणी शिरलं आणि बरीचशी यंत्रं गेली. तरी ते थांबले नाहीत. कंपनीचा म्होरक्या शॉन मरे लहानपणी काही काळ ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात राहिला होता. तिथलं रात्रीचं आकाश त्याच्या डोक्यात बसलं होतं. हे वाचल्यावर तर तो आम्हाला सांगलीचाच वाटायला लागला.

आता जरा गणित. (घाबरू नका, सोपं आहे.) बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आठवतेय ना? पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं करत चौसष्ट घरं भरता भरता राजाचं कोठार रिकामं होतं. त्या सगळ्या दाण्यांची बेरीज करा, त्यात आणखी एक दाणा टाका, की या गेममधल्या ग्रहांची संख्या येते. १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. ढोबळमानानं, अठरावर अठरा शून्यं. एकेका ग्रहावर फक्त एक सेकंद थांबायचं म्हटलं तरी सगळे बघून व्हायला सुमारे ५८४ अब्ज वर्षं लागतील. अप्रेझलची वाट बघण्यापेक्षाही जास्त!

एवढे ग्रह मूठभर माणसांनी काढले कसे? तर काढलेच नाहीत. त्यांनी नियम लिहिले. आई रांगोळीचा प्रत्येक नमुना कुठं साठवून ठेवते? ठिपके किती आणि रेघ कुठून कुठं न्यायची हे माहीत असलं की झालं. तसा प्रत्येक ग्रहाला एक आकडा. त्या आकड्यावरून डोंगर, गवत, प्राणी, आकाशाचा रंग हे सगळं तुम्ही तिथं पोहोचलात की कॉम्प्युटर तिथल्या तिथं तयार करतो. आकडा तोच, तर ग्रह तोच, मग तो पुण्यात बघा नाहीतर पेरूत. ही आयडिया काही नवी नव्हती. १९८४ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन पोरांनी 'एलीट' या गेममध्ये अशाच युक्तीनं आठ आकाशगंगा बसवल्या होत्या, प्रत्येकीत २५६ जागा. तेही ३२ केबी मेमरीच्या मशीनवर. आज तुमच्या एका सेल्फीला त्याहून कितीतरी जास्त जागा लागते.

२०१४ मध्ये दादा एमएस करायला जर्मनीत आखेनला गेला. आणि माझ्या दृष्टीनं गेमचा अर्थच बदलला.

आकडा तोच तर ग्रह तोच, हे लक्षात आल्यावर एका रात्री स्काइपवर दादा म्हणाला, "म्हणजे आपण एकाच ग्रहावर जाऊ शकतो की!" झालं. तिथून पुढं दोन वर्षं आम्ही प्लॅनिंग केलं. प्रत्येक खेळाडू वेगळ्या ग्रहावर सुरुवात करणार, हे माहीत होतं. मग कोणी कोणाकडे यायचं? "मी मोठा आहे, तू ये." "व्वा रे! व्हिसा लागत नाही तर तूच ये ना." इंधन किती लागेल, मधला ग्रह कुठला निवडायचा, याची एक एक्सेल शीट होती. खरंच होती! लॉन्च न झालेल्या गेमची, स्वतः केलेल्या अंदाजांवर आधारलेली एक्सेल शीट.

भेटता येईल असं आम्हाला सांगितलं होतं का? इथंच खरी गोम आहे. मुलाखतींमध्ये मरेला हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जायचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्टीफन कोल्बेअरच्या टीव्ही शोमध्येही विचारला गेला. उत्तराचा सूर असा, की हो, पण विश्व इतकं मोठं आहे की शक्यता फार कमी. आता तुम्ही सांगा, वर्षातून दोन आठवडे घरी येणाऱ्या भावाच्या बहिणीनं यातलं 'हो' ऐकायचं की 'पण'?

आणि मी एकटीच अशी नव्हते. कोणाला त्यात लढाया हव्या होत्या, कोणाला व्यापार, कोणाला डायनासोर, तर कोणाला नुसतं एकटं फिरायचं होतं. ट्रेलरमध्ये जे दाखवलं नव्हतं, ते ज्यानं त्यानं आपापलं भरून घेतलं. क्रिकेटच्या गेममध्ये क्रिकेटच असणार, तिथं किती स्वप्नं बघणार? इथं मात्र जागाच जागा होती.

आधी तारीख ठरली २१ जून २०१६. मेच्या शेवटी ती पुढे गेली, ९ ऑगस्टवर. आम्ही हळहळलो आणि शीट अपडेट केली. काही महाभागांनी मात्र मरेला चक्क ठार मारण्याच्या धमक्या दिल्या. ही बातमी आधी फोडणाऱ्या पत्रकारालाही! सात आठवड्यांच्या उशिरासाठी? आपल्याकडे फ्लॅटचं पझेशन सात वर्षं लांबतं, तरी लोक बिल्डरला 'साहेब' म्हणतात. (धमकी नको, पण 'साहेब' तरी कशाला?) जुलैअखेर एका खेळाडूनं साडेबाराशेच्या आसपास डॉलर मोजून बाहेर फुटलेली कॉपी मिळवली आणि कधीच संपणार नाही असं वाटणाऱ्या विश्वाच्या केंद्रापर्यंत तो तीसेक तासांत पोहोचला. पोटात पहिला गोळा आला तो तेव्हा.

दुसरा ८ ऑगस्टला. मरेनं ट्वीट केलं, की हा मल्टिप्लेअर अनुभव नाही, ती अपेक्षा ठेवून येऊ नका. दादानं मला ते फॉरवर्ड केलं, खाली एकच शब्द. "शीट?" मी लिहिलं, "राहू दे."

दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत गेम प्लेस्टेशनवर आला आणि पहिल्या काही तासांतच दोन खेळाडू खरोखर एकाच ग्रहावरच्या एकाच जागी जाऊन उभे राहिले. दोघं लाइव्ह होते, हजारो लोक बघत होते. ते एकमेकांना दिसलेच नाहीत.

आमचा पीसीवरचा दिवस १२ ऑगस्ट. माझा असेंबल्ड पीसी ऐन वेळी झोपला, ग्राफिक्स कार्डानं मान टाकली. तेव्हा भेटणं-बिटणं सोडाच, मी दादाचा गेम स्काइपवर स्क्रीन शेअर करून बघितला. अडखळत, अधूनमधून चौकोन चौकोन होत. त्याच्या पहिल्या ग्रहावर विषारी पाऊस पडत होता. शोधलेल्या ग्रहाला आपण नाव देऊ शकतो. त्यानं विचारलं, "काय ठेवू?" मी म्हटलं, "गच्ची." त्यानं टाइप केलं.

त्या दिवशी पीसीवर एका वेळी दोन लाखांवर लोक खेळत होते. मग बघता बघता शिव्यांचा पाऊस सुरू झाला आणि कंपनीनं तोंड मिटलं. इंग्लंडच्या जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रारी गेल्या. नोव्हेंबरमध्ये तिनं जाहिराती दिशाभूल करणाऱ्या नव्हत्या असा निर्वाळा दिला. त्याच महिन्यात पहिलं मोठं मोफत अपडेट आलं. मग दुसरं, तिसरं. आणि २४ जुलै २०१८ च्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये चौघांना एकत्र खेळायची सोय झाली. एकमेकांना दिसत!

मी इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून गेम घेतला. इंधन, मधला ग्रह वगैरे काही लागलं नाही, मेनूतून थेट त्याच्या गेममध्ये शिरता आलं. समोर एक हिरव्या सूटमधला प्राणी उभा होता. त्यानं हात हलवला. मला काय बोलावं सुचेना. दादाच म्हणाला, "मावशीला काही बोलू नकोस, पण मी दिवाळीला येत नाहीये." 'गच्ची' आम्ही शोधली नाही. मधल्या अपडेट्समध्ये ग्रहांचं रूपच पालटलं होतं. तासभर आम्ही दगड फोडत आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोललो.

त्यानंतर 'स्टारफील्ड' आला. नोव्हेंबर २०२२ ची तारीख सप्टेंबर २०२३ वर गेली, तेव्हा मी एकही शीट केली नाही. आता मी प्री-ऑर्डरच्या बटणाकडे बघत नाही. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, हा नियम तुम्हीही पाठ करा. 'स्टार सिटिझन'साठी तर चाहत्यांनी २०१२ पासून ७० कोटी डॉलरहून जास्त वर्गणी दिलीये. दादा त्यातलाच एक. वहिनीला किती दिले ते माहीत नाही, म्हणून आकडा इथं छापत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये याच हॅलो गेम्सनं नवा गेम जाहीर केला, 'लाइट नो फायर'. या वेळी अब्जावधी ग्रह नाहीत, पृथ्वीएवढा एकच, आणि सगळे खेळाडू त्याच्यावर. दादानं ट्रेलरची लिंक पाठवली, खाली एकच शब्द. "शीट?"

मी लिहिलं, "आधी रिव्ह्यू येऊ देत." मग ट्रेलर पुन्हा लावला. त्यात एक डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी भेटायला बरी जागा आहे.