उघडी यादी, पण माल कुणाचा?

14 एप्रिल जवळ आला की बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणारी आपली मुले विहारात पडद्यावर काय दाखवायचे, याच्या शोधाला लागतात. 'इंडेक्स ऑफ' असे टाकून शोधले की एखाद्या सर्व्हरवरील फायलींची उघडी यादी समोर येते. मालकाने मुखपृष्ठ ठेवले नाही आणि यादी दाखवणे बंद केले नाही, तर सर्व्हर ती आपोआप दाखवतो. काही संस्था मुद्दाम उघडे ठेवतात, काहींचे चुकून राहते. पण कुलूप नाही म्हणून माल सर्वांचा, असे कायदा मानत नाही.

कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. जब्बार पटेल यांचा बाबासाहेबांवरील चित्रपट 2000 साली प्रदर्शित झाला, आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' 2011 चा. दोन्ही मुक्त व्हायला कित्येक दशके आहेत. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन मात्र 1 जानेवारी 2017 पासून सर्वांचे झाले. ते वाचा, वाचतानाचे चित्रण करा, वाटा! दुसऱ्याने केलेले चित्रण उचलू नका. त्याचा हक्क वेगळा. आपल्या शाहिरांच्या कार्यक्रमांचे चित्रण फुकट फिरते, तेव्हा कुणाचे पोट मारले जाते?

जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम 63 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पासवर्ड चुकवून बंद कप्प्यात शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 उभे राहते. आम्ही घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. याच पालघरमध्ये नोव्हेंबर 2012 मध्ये एका मुलीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते 'लाइक' केले, आणि दोघींना अटक झाली. ते 66-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. पण अटक व्हायची ती होऊन गेली होती. ज्यांच्या दारी पोलीस आधी येतात, त्यांनी कागद पक्का ठेवावा.

फाईल घेताना नावाचा शेवट पाहा. एमपी4 किंवा एमकेव्ही असेल तर चित्रफीत. ईएक्सई किंवा एपीके असेल तर तो प्रोग्रॅम, हात लावू नका. दोन तासांचा चित्रपट काहीशे केबीत मावत नाही. चित्रफीत पाहण्यासाठी आधी अमुक बसवा म्हटले की तिथेच थांबा.

विहारातले प्रदर्शन सार्वजनिक ठरते, त्याला मालकाची लेखी परवानगी लागते. फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये एनएफडीसीत विलीन झाले, तेव्हा त्या माहितीपटांसाठी तिकडेच लिहावे. एप्रिलच्या कार्यक्रमाचे पत्र जानेवारीतच टाका.